वाटेत काय दिसलं?

४ मार्च, सोमवार

लोखंडी दोर बनवणाऱ्या कंपनीनं नेहमीप्रमाणे डायरी पाठवली. आजवर ती मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचो. यंदा टेबल माझंच आहे, म्हणून डायरीही माझी. गुडघ्यानं दगा दिला आणि मला लिफ्टच्या शाफ्टमधून उचलून खुर्चीत बसवण्यात आलं. तीस वर्षं लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून काम केलं. आता फोन घ्यायचा, तक्रार लिहायची आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं. दिवसभर बसून ढुंगण दुखतं, गुडघा दुखायचा तो दुखतोच.

लोकांना मी फोन लिफ्टजवळ धरायला सांगतो. ते हसतात. पण बेअरिंग गेलंय, ब्रेक घासतोय की दोर कोरडा पडलाय हे मी डोळे मिटून सांगू शकतो. कान हीच माझी पदवी.

खुर्चीचा आणखी एक ताप म्हणजे सहाला घरी पोचतो. पूर्वी आठ वाजायचे. घंटी वाजवली की बायको दार उघडते आणि दारातच विचारते, "वाटेत काय दिसलं?" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, रोज हाच प्रश्न. मी म्हणतो, "काय दिसणार? रहदारी." मग ती बाजूला होते.

आणि मग फोन घेऊन आतल्या खोलीत जाते. तिथून अर्धा तास तिच्या थोरल्या बहिणीशी तिच्या भाषेत गप्पा. हे रोज चालतं, हे मला माहीतच नव्हतं. ओरडून बोलतात, खिदळतात. माझ्याबद्दल असणार. दुसरं हसण्यासारखं आहे काय?

७ मार्च, गुरुवार

सार्वजनिक वाचनालयाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मोकळा कारागीर नव्हता, म्हणून साहेबांना न सांगता मीच गेलो. दारावर टकटक केली तर आतून चार माणसं चार प्रकारचं काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, घाबरून देवाचा धावा चाललाय.

बाहेर काढल्यावर कळलं, ते अभ्यास करत होते. ज्या भाषा फारसं कुणी शिकत नाही त्या शिकणाऱ्यांचा हा गट आहे. प्रत्येकाची भाषा वेगळी. वाचनालयातल्या एक बाई त्यांच्या प्रमुख. त्यांचा आवाज असा, की लिफ्टसुद्धा ऐकून खाली आली असती. मी त्यांना मनातल्या मनात मुकादमीण म्हणतो. एक दंतवैद्य आहेत, एक शिवणकामवाल्या बाई आणि एक निवृत्त पोस्टमन. दंतवैद्य डोंगरातली कुठलीशी भाषा शिकतायत. का, असं विचारलं तर म्हणाले, "माझ्याशी दिवसभर कुणी धड बोलत नाही. सगळ्यांची तोंडं उघडी असतात."

मुकादमीण म्हणाल्या, "साठ दिवसांचं नवं आव्हान रविवारपासून सुरू होतंय. एक जागा रिकामी आहे. तुमच्या घरी कुणी अशी भाषा बोलतं का?"

माझ्या तोंडून हो निघून गेलं.

९ मार्च, शनिवार

बैठकीला गेलो. बायकोला सांगितलं, कंपनीचं प्रशिक्षण आहे.

नियम एकच, पण जीवघेणा. रोज रात्री नऊच्या आत आपल्या भाषेतलं, आपल्या आवाजातलं एक मिनिट गटात पाठवायचं. एकाचा जरी दिवस चुकला तरी सगळ्यांची मोजणी पुन्हा एकपासून. मागच्या खेपेला दंतवैद्यांनी एकेचाळिसाव्या दिवशी घोळ घातला. शिवणवाल्या बाई तेव्हापासून दुखऱ्या दाढेनं फिरतायत, पण त्यांच्याकडे जात नाहीत.

का शिकायचंय, हे प्रत्येकानं सांगायचं होतं. मी म्हणालो, "बायकोला आश्चर्याचा धक्का द्यायचाय." सगळे विरघळले. पोस्टमननी तर माझा हात हातात घेतला. मला घाम फुटला. आत काय शिजतंय ते मला ऐकायचंय, एवढंच खरं कारण आहे. ते या डायरीशिवाय कुणाला सांगणार?

१० मार्च, रविवार. दिवस १

प्रत्येकाला ती भाषा जन्मापासून बोलणारं एक माणूस शोधून देतात. माझ्या वाट्याला एक आजी आली आहे. दुसऱ्या शहरात असते. पूर्वी एका मोठ्या नदीवर होडी चालवायची. बायकोची माणसं त्याच नदीतल्या बेटांवरची. आता बेटांवर कुणी राहत नाही, भाषा बोलणारे शे-दोनशे उरलेत आणि तेही पांगलेले. होडीवाली आजी फोनवर तुटक बोलते. माझं पहिलं वाक्य ऐकून म्हणाली, "सर्दी झालीय का?"

१२ मार्च, मंगळवार. दिवस ३

घरात सराव करायचा कुठे? बाथरूममध्ये नळ सोडून एक मिनिट बोललो. हे घर आहे, हे भांडं आहे, हे पाणी आहे. बाहेर आलो तर बायको टॉवेल घेऊन उभी. म्हणाली, "बरं वाटतंय ना?" म्हटलं, पोट जरा बिघडलंय. तिनं जेवायला मऊ भात दिला. आता किती दिवस मऊ भात खावा लागणार कोण जाणे.

संध्याकाळी तिचा फोन ऐकला. ओरडून बोलते, जशी बहीण नदीच्या पलीकडच्या काठावर उभी आहे. दोन शब्द कळले: पाणी आणि भांडं. यात हसण्यासारखं काय होतं?

१७ मार्च, रविवार. दिवस ८

होडीवाल्या आजीनं विचारलं, "बायकोकडूनच का शिकत नाहीस?" मी दुसराच एक शब्द विचारला.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. बायकोचा भाऊ आला होता, दोघं जेवताना त्यांच्या भाषेत बोलत होते. माझी आई म्हणाली, "या घरात सगळ्यांना कळेल असंच बोलायचं." आईनं आवाज चढवला नव्हता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. नंतर तो भाऊ कधी आला नाही. आई जाऊन दहा वर्षं झाली. पण तो नियम आता संपला असं कुणी कुणाला सांगितलंच नाही. मी तरी नाही.

हे लिहायला घेतलं नव्हतं. पेन चालत गेलं.

२० मार्च, बुधवार. दिवस ११

कानाला सवय व्हावी म्हणून दाराआडून तिचं बोलणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलं. चाळीस सेकंद. सुरुवातीला ती नेहमी एकच वाक्य बोलते, मग पलीकडून बहिणीचा आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकल्यासारखा. मग दोघी हसतात. दिवसातून वीसदा ऐकलं. यात वाईट काही नाही, अभ्यासासाठीच आहे. तरी ऑफिसात कुणी जवळ आलं की मी मोबाईल उलटा ठेवतो.

२८ मार्च, गुरुवार. दिवस १९

आज एका इमारतीत तपासणीला जायला मिळालं. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून माझं मिनिट बोललो. शाफ्टमध्ये आवाज काय घुमतो! एका मिनिटाची तीन मिनिटं झाल्यासारखी वाटली. शिवणवाल्या बाईंनी विचारलं, विहिरीत पडलात का?

घरी उत्साहात आलो, पण बायकोचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी तिच्या मोबाईलवर कुणाचा तरी निरोप आला होता म्हणे. डोळे सुजलेले. ती रोपवाटिकेत कामाला जाते, तिथे औषध फवारतात, त्यानं असणार. दारात तिनं प्रश्नही विचारला नाही. आज फोनही झाला नाही. जरा बरंच वाटलं, कानांना विश्रांती.

३१ मार्च, रविवार. दिवस २२

फोन पुन्हा सुरू झालाय, पण काहीतरी बदललंय. ती आता ओरडत नाही. अगदी हळू बोलते. ज्याला लपवायचं असतं तोच आवाज खाली आणतो, एवढं मला कळतं. मी दाराच्या आणखी जवळ उभा राहायला लागलोय. उभं राहून गुडघ्याचे हाल होतात.

मात्र एक गोष्ट अभिमानानं नोंदवायला हवी. मला आता बरंच कळतं! पूर्वी तिचं बोलणं धबधब्यासारखं यायचं. आता एकेक शब्द सुटा ऐकू येतो. "खिडकी उघडी आहे. खिडकीत रोप आहे. रोपाला पाणी घातलं." बावीस दिवसांत एवढी प्रगती. होडीवाल्या आजीला सांगितलं तर नुसतं "हं" म्हणाली. कौतुक करायची तिची दानतच नाही.

६ एप्रिल, शनिवार. दिवस २८

आज मात्र पायाखालची जमीन सरकली. तिच्या बोलण्यात पेटी आली. होडी आली. पहाट, निघणं, घराला कुलूप, एवढं सगळं आलं. ती निघून जाणार आहे. बहिणीकडे जाणार आहे आणि मला कुलूपबंद घर सापडणार आहे.

ती भाजी घ्यायला गेल्यावर पलंगाखालची सूटकेस ओढून पाहिली. आत माझेच जुने स्वेटर होते. स्वेटरांखाली हात घालून पाहिलं. काही नाही. सूटकेस परत ढकलली, पुन्हा ओढली, पुन्हा पाहिलं. तिचे कपडे कपाटात आहेत का ते मोजलं. आधी किती होते तेच माहीत नाही, तर मोजून काय कळणार?

जेवताना विचारलं, "बहिणीकडे जाऊन यायचंय का तुला?" तिनं घास खाली ठेवला. "का हो?" "सहज." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "गेले तर तुम्ही याल?" मी म्हणालो, "मला कुठे रजा मिळतेय."

९ एप्रिल, मंगळवार. दिवस ३१

राहवलं नाही. आजचा तिचा फोन ध्वनिमुद्रित केला आणि गटात पाठवला. होडीवाली आजी गटात आहेच. लिहिलं, "सरावासाठी सापडलं, यात काय म्हटलंय?"

दहा मिनिटांत आजीचा फोन. एवढी चिडलेली ती कधी ऐकली नव्हती.

"हे सापडलं? का दाराआड उभं राहून घेतलंस? मध्ये कटकन काहीतरी वाजलं."

"बिजागरी असेल."

"ते काहीही असो. मी सांगणार नाही. ते कुणाचं तरी घर आहे. घरात शिरायचं तर वाटेत काय दिसलं ते सांगून शिरावं. असं भिंतीला कान लावून नाही."

मी विचारलं, वाटेत काय दिसलं म्हणजे?

तेव्हा तिनं सांगितलं. बेटांवर दाराला कडी नसायची. कुणी दारात आलं की घरातलं माणूस विचारायचं, वाटेत काय दिसलं? आलेल्यानं काहीतरी एक सांगायचं. बगळा दिसला, फुटकी घागर दिसली, काहीही. ते सांगितलं की घरातलं माणूस म्हणायचं, मग आत ये. "सांगितल्याशिवाय शिरला तर तो आत आला असं आम्ही धरतच नाही. बसू दे, जेवू दे. तो बाहेरच."

मी फोन ठेवला. मुकादमीणबाईंनी ते ध्वनिमुद्रण गटातून काढून टाकलं आणि मला एकट्याला लिहिलं: "दुसऱ्याचा आवाज पुन्हा पाठवू नका."

सव्वीस वर्षं. काय दिसणार, रहदारी.

१३ एप्रिल, शनिवार. दिवस ३५

ठरवलं होतं की आज सांगायचं. बसमधून उतरल्यावर मुद्दाम इकडेतिकडे बघत आलो. एका बाईच्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. वाक्य पाठ केलं. घंटी वाजवली. बायकोनं दार उघडलं आणि बाजूला झाली.

विचारलंच नाही. ती मागेच कधीतरी विचारायची थांबलीय. नक्की कधी, ते आठवेना, म्हणून ही डायरी चाळली. २८ मार्चपासून. आणि ती तेव्हापासून थांबलीच, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं!

तिनं विचारलंच नाही तर मी कसं सांगू? एकदम दारात उभं राहून "बाई, पिशवी, कांद्याची पात" म्हणालो तर तिला वाटेल, वेड लागलंय. आणि मग सगळंच बाहेर येणार: नळ, ध्वनिमुद्रण, स्वेटर. नकोच ते.

२२ एप्रिल, सोमवार. दिवस ४४

बसवत नाही, उभं राहवत नाही. ऑफिसात तीन तक्रारी चुकीच्या पत्त्यावर लिहिल्या.

पेटी आणि होडीचा उलगडा झाला. तिनं तीच हकीकत आज पुन्हा सांगितली, अगदी सावकाश, एखाद्या लहान मुलाला सांगावी तशी. ती नऊ वर्षांची असताना शाळेसाठी बेट सोडलं, बापानं पेटी डोक्यावर घेतली, बहिणीनं होडीत तिचा हात सोडला नाही. जायचं ते तेव्हा. म्हणजे ती कुठेही जात नाहीये. एवढं हलकं वाटलं की दाराआड भिंतीला टेकून खालीच बसलो.

पण ही हकीकत ती बहिणीला कशाला सांगते? बहीण तर होडीत तिच्या शेजारीच होती. वय झालं की माणसं तेच तेच सांगतात. मेहुणीबाई आता फारसं बोलत नाहीत, नुसतं ऐकून घेत असाव्यात. बायको पहिला प्रश्न विचारते, वाटेत काय दिसलं, आणि थांबते. मी मोजलं. दहा सेकंद. मग पुढे बोलायला लागते.

बहिणीला विचारते. मला विचारत नाही. मेहुणीचा हेवा वाटतो, हे या वयात लिहावं लागतंय.

३० एप्रिल, मंगळवार. दिवस ५२

आठ दिवस उरले. दंतवैद्य डोंगरी भाषेत एक संपूर्ण विनोद सांगतात, कुणाला कळत नाही, तरी सगळे हसतात. शिवणवाल्या बाईंनी अखेर त्यांना दाढ दाखवली. पोस्टमननी मला विचारलं, "बायकोला धक्का कधी देताय?" म्हटलं, साठाव्या दिवशी. तेही खोटं. मला काहीच ठरवता येत नाहीये.

२ मे, गुरुवार. दिवस ५४

उद्यापर्यंत थांबवत नाही, आजच लिहितो.

दुपारी एका गृहस्थांचा फोन आला. लिफ्ट विचित्र वाजतेय, आत सहा माणसं आहेत, घाई करा. मी म्हटलं, फोन लिफ्टजवळ धरा. ऐकलं आणि सांगितलं, "आत कुणीही नाही. रिकामी चाललीय." ते ओशाळले. कारागीर लवकर यावा म्हणून थाप मारली होती. भरलेली लिफ्ट वेगळी वाजते, रिकामी वेगळी. वजन असलं की मोटर मध्ये मध्ये दम घेते. रिकामी असली की आपल्याच तालात जाते.

फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. हा आवाज मी रोज ऐकतोय. घरी.

मोबाईल काढला. २० मार्चचं ध्वनिमुद्रण लावलं: बायको, मग डब्यातला भुंगा, मग बायको, मग दोघी. ९ एप्रिलचं लावलं: बायको. दहा सेकंद. बायको. भुंगा नाही. पुन्हा लावलं, आवाज पूर्ण वाढवून, मोबाईल कानात खुपसून. भुंगा कुठेच नाही. पलीकडे वजनच नव्हतं.

मेहुणीच्या मुलीला फोन केला. "तुझ्या आईशी जरा बोलायचं होतं."

ती म्हणाली, "काका, आईला ऐकू येत नाही आता. कमी तर कधीपासून झालं होतं, पण मार्चअखेर दोन्ही कान पूर्ण गेले. मी मावशीला तेव्हाच कळवलं होतं. मावशी बोलली नाही का तुम्हाला?"

"मग रोज संध्याकाळी..."

"रोज संध्याकाळी काय? पाच आठवडे झाले काका, मावशीचा फोन नाही. कुणाशी बोलणार? मला तर ती भाषा येत नाही."

साहेबांना न सांगता निघालो. बसमध्ये बसलो, दोन थांबे आधीच उतरलो, तिथून चालत गेलो. काय विचार केला ते आठवत नाही. वाटेत काय दिसलं ते मात्र आठवतं.

पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते, दार नुसतं लोटलेलं होतं. ती आतल्या खोलीत, फोन कानाला. मी रोजच्या जागी उभा राहिलो. तिनं तिच्या भाषेत विचारलं, वाटेत काय दिसलं? आणि थांबली.

मी सवयीनं मोजायला लागलो. एक, दोन, तीन. ती दहा सेकंद माझी होती. पाच आठवडे ती रोज माझ्यासाठी थांबत होती आणि मी रोज ती मोजण्यात घालवली.

सातव्या सेकंदाला मी खोलीचं दार ढकललं.

तिच्या भाषेत म्हणालो, "एक माणूस. खांद्यावर मोठी काच. ती काच, तोंड दिसतं ती."

तिनं वळून पाहिलं नाही. फोन कानालाच ठेवून तिनं मला आरशाचा शब्द सांगितला. मी तो म्हटला. तिनं दुरुस्त केला. मी पुन्हा म्हटला.

"आरशात काय?" तिनं विचारलं.

"बस. उलटी जाणारी."

तिनं फोन खाली ठेवला. मोबाईलचा पडदा काळा होता. मग वळली आणि म्हणाली, "मग आत ये." तिच्या भाषेत अहो-जाहो नाही. सव्वीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा ये म्हटलं. मी आत गेलो आणि पलंगावर बसून रडलो. ती शेजारी बसून होती. तिच्या हाताला मातीचा वास होता.

नंतर आमच्या नेहमीच्या बोलीत विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"त्या बाथरूमच्या दिवसापासून. नळ सोडून कुणी एवढं बडबडतं का? बादली भरून वाहत होती, अहो."

"मग तो मऊ भात?"

"तुम्ही पोट बिघडलंय म्हणालात, मी भात केला."

"आणि मी दाराआड उभा असतो हे?"

"तुमचा गुडघा केवढ्यानं वाजतो! तुम्हाला ऐकू येत नाही?"

तीस वर्षं लोकांची बेअरिंगं ऐकत आलो. माझा गुडघा मला ऐकू येत नाही.

मग ती बोलत राहिली, कधी तिच्या भाषेत, कधी माझ्या. ज्या दिवशी भाचीचा निरोप आला त्या दिवशी तिला वाटलं होतं, आता आपलं बोलणं संपलं, मरेपर्यंत हे तोंडातच राहणार. दोन दिवस गेले. मग सवयीनं नुसताच फोन घेऊन आत बसली आणि दाराआड गुडघा वाजला. "म्हटलं, कुणीतरी आहे. सोपं सोपं बोलत गेले."

"सरळ मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या आईच्या वेळी मी तुमच्याकडे पाहिलं होतं," ती म्हणाली. "या खेपेला तुम्ही बघायचं होतं."

माझी चूक होती, एवढंच म्हणालो. तिनं मान डोलावली. नाही, असं म्हणाली नाही.

३ मे, शुक्रवार. दिवस १

होय, एक. काल नऊ कधी वाजून गेले ते कळलं नाही. माझं मिनिट गेलं नाही आणि चौपन्नाव्या दिवशी सगळा गट कोसळला. सकाळी मोबाईल उघडला तर बावन्न निरोप. मुकादमीणबाईंचा फक्त एक: "कारण?"

लिहिलं, "घरी बोलत बसलो होतो."

शिवणवाल्या बाईंनी विचारलं, कुणाशी? म्हटलं, बायकोशी. त्यांनी लिहिलं, "इतक्या वर्षांत नेमका कालच वेळ मिळाला?" मी लिहिलं, "हो." मग पोस्टमननी आपलं मिनिट पाठवलं, दिवस एक म्हणून. मग दंतवैद्यांनी, तोच विनोद. होडीवाल्या आजीनं मला विचारलं, "काय दिसलं होतं?" आरसा, मी सांगितलं. "हं," म्हणाली.

४ मे, शनिवार. दिवस २

ध्वनिमुद्रणाचं सांगून टाकलं. गटात पाठवलं होतं, तेही. ती उठून बाहेर गेली. दोन तास मी घरात येरझाऱ्या घातल्या. परत आल्यावर म्हणाली, "माझा आवाज चोरलात. विचारलं असतंत तर दिला असता." यावर माफी मागण्यापलीकडे काही नव्हतं. ती मी दोन्ही भाषांत मागितली. तिच्या भाषेतली चुकली, ती तिनं दुरुस्त केली नाही.

संध्याकाळी तिनं स्वतःहून विचारलं, "मार्चमधलं आहे का अजून? ताई बोलते ते?"

लावलं. चाळीस सेकंद. मला फक्त भुंगा ऐकू येतो. तिला शब्द ऐकू येत होते, ओठ हलत होते. कशाला हसत होत्या, ते मी अखेर विचारलं. बहिणीची कोंबडी शेजाऱ्याच्या टोपीत अंडं घालून आली होती. माझं नावसुद्धा नव्हतं त्यात. तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

उद्या बहिणीकडे जातोय, दोघं. रजा मागायची गरजच नाही, रविवार आहे. हे त्या दिवशीही माहीत होतं मला. मेहुणीबाईंना ऐकू येत नाही, तेव्हा दारात सांगून उपयोग नाही. बायकोनं पुठ्ठा कापून दिलाय, जाड पेनही दिलंय. तिथे पोचल्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचं, वाटेत काय दिसलं ते. तिची भाषा आमच्याच लिपीत लिहायची, जमेल तशी. बायको मदत करणार नाही म्हणते. मेहुणीबाई वाचतील आणि मग ठरवतील.

बसनं चार तासांचा रस्ता आहे. मी खिडकीची जागा मागून घेतली आहे.